फंक्शनल एमआरआयने वडिलांच्या कंपवाताचं निदान पक्कं होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६३ वर्षांचे. वर्षभरापासून उजवा हात स्वस्थ बसलेले असताना कापतो, सही बारीक होत चालली आहे, चालताना तो हात हलत नाही. न्यूरॉलॉजिस्टनी तपासून कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, सांगितला आणि गोळ्या सुरू केल्या. मेंदूचा एमआरआय मात्र ‘नॉर्मल’ आला. त्यानंतर तुमच्या वाचनात आलं की या आजारात मेंदूतल्या जोडण्या बदलतात आणि त्या फंक्शनल एमआरआयमध्ये दिसतात. हा स्कॅन खर्च करून करावा का, त्याने निदान पक्कं होईल का आणि आजार कुठवर आला आहे ते कळेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

करू नका. आजच्या घडीला त्याने निदानही पक्कं होणार नाही आणि आजार कुठवर आला तेही कळणार नाही. पण या संशोधनातून आम्हा डॉक्टरांना जे उमगलं, त्याचा तुमच्या वडिलांच्या रोजच्या चालण्याशी, लिहिण्याशी, चारचौघांत हात लपवण्याशी थेट संबंध आहे. ते समजून घ्यायला वडिलांना मशीनमध्ये झोपवावं लागत नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी त्या ‘नॉर्मल’ रिपोर्टबद्दल. तो वाचून काही घरांत वाटतं की आजार नाहीच, डॉक्टरांचं चुकलं. काहींना वाटतं मशीन जुनं असेल, मोठ्या शहरात जाऊन पुन्हा करू. कंपवातात मध्यमेंदूतल्या सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाच्या काळसर पट्ट्यातल्या, डोपामिन हे हालचालींसाठी लागणारं रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. हा ऱ्हास इतक्या लहान जागेत होतो की नेहमीच्या एमआरआयमध्ये तो उमटत नाही. आम्ही एमआरआय सांगतो तो इतर शक्यता बाजूला काढायला: लहान लहान पक्षाघातांमुळे आलेला मंदपणा, मेंदूच्या पोकळ्यांत साठलेलं पाणी, गाठ, पडल्यावर कवटीच्या आत साचलेलं रक्त. शिवाय पार्किन्सन्ससारखे दिसणारे पण वेगळे असे दोन आजार आहेत, पीएसपी आणि एमएसए. त्यांच्या काही खुणा एमआरआयवर दिसू शकतात. यातलं काहीच सापडलं नाही, तर तो रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांच्या निदानाशी जुळणाराच आहे.

३ टेस्लाच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाच्या, चांगल्या मशीनवर खास पद्धतीने काढलेल्या चित्रांत नायग्राच्या मागच्या भागात निरोगी माणसाला पाकोळी पक्ष्याच्या दुभंगलेल्या शेपटीसारखा एक उजळ ठिपका दिसतो आणि कंपवातात तो बहुधा नाहीसा होतो. उपयोगी खूण आहे, पण पीएसपी आणि एमएसएमध्येही ती जाऊ शकते आणि वाचणाऱ्याची नजर सरावलेली लागते. निदान अजूनही हाताने तपासूनच होतं. हालचालींचा मंदपणा हवा, त्याच्या जोडीला विश्रांतीतला कंप किंवा ताठरपणा हवा, आणि लेव्होडोपा या डोपामिनची तूट भरणाऱ्या औषधाला शरीर चांगला प्रतिसाद देत असेल तर ते निदानाला मोठं बळ देतं.

आता जोडण्यांकडे येते. फंक्शनल एमआरआयमध्ये मेंदूतली वीज दिसत नाही. पेशी कामाला लागल्या की त्या भागाकडे रक्त जास्त वाहतं, रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण बदलतं आणि त्यामुळे एमआरआयचा सिग्नल किंचित वरखाली होतो. १९९० साली सेइजी ओगावा यांनी हा परिणाम दाखवून दिला आणि या तंत्राचा पाया घातला गेला. पुढे १९९५ साली मिलवॉकीच्या मेडिकल कॉलेज ऑफ विस्कॉन्सिनमध्ये भरत बिस्वाल या भारतीय वंशाच्या संशोधकाने एक साधी पण विलक्षण गोष्ट पाहिली. माणूस काहीही न करता नुसता पडून असला तरी डाव्या आणि उजव्या मेंदूतले हालचालींचे भाग एकाच लयीत, अगदी संथपणे, वरखाली होत असतात. एका आवर्तनाला दहा सेकंदांहून जास्त वेळ लागतो इतकी ती लय मंद. त्या वेळी पुष्कळांनी हा श्वासाचा किंवा नाडीचा गोंगाट म्हणून सोडून दिला असता. आज कंपवाताच्या जोडण्यांवरचं बहुतेक काम या निरीक्षणावर उभं आहे.

इथे ‘जोडणी’ म्हणजे काय ते नीट समजून घ्यायला हवं. रात्री गच्चीवरून बघताना दूरच्या दोन घरांतले दिवे दर वेळी एकदमच जातात आणि एकदमच येतात असं दिसलं, तर ती घरं एकाच डीपीवर असावीत असा अंदाज आपण बांधतो. तार कुठून गेली आहे ते आपल्याला दिसलेलं नसतं. फंक्शनल जोडणी हा असाच अंदाज आहे. दोन भाग सोबत वरखाली होतात, एवढंच मोजलेलं असतं. तारा कुठून कशा गेल्या याचा माग दुसऱ्या तंत्राने काढतात, त्याला डिफ्युजन एमआरआय म्हणतात. त्यात मेंदूतल्या पाण्याचे रेणू कोणत्या दिशेने सरकतात ते मोजून तंतूंची दिशा ठरवली जाते. बातम्यांत दिसणारी रंगीबेरंगी चित्रं या दोन्हींपैकी कशाचीही असू शकतात, आणि दोन्हींचे अर्थ वेगळे.

मग कंपवातात नेमकं काय बदलतं? मेंदूच्या गाभ्यात बेसल गॅन्ग्लिया नावाचा पेशीसमूहांचा संच आहे. १९८६ मध्ये अलेक्झांडर, डीलाँग आणि स्ट्रिक यांनी मांडलं की मेंदूच्या बाहेरच्या थरापासून म्हणजे कॉर्टेक्सपासून या गाभ्यात आणि तिथून थॅलॅमस या मधल्या केंद्रामार्गे परत कॉर्टेक्सकडे अशी अनेक वर्तुळं शेजारी शेजारी चालतात. एक हालचालींचं, एक डोळ्यांच्या हालचालींचं, एक विचार आणि नियोजनाचं, एक भावना आणि इच्छेचं. डोपामिन या सगळ्यांना लागतं, पण ते सगळीकडे सारखं कमी होत नाही. १९८८ मध्ये किश, शॅनक आणि हॉर्निकिविझ यांनी मृत रुग्णांच्या मेंदूंत डोपामिन मोजलं, तेव्हा सर्वांत मोठी तूट प्युटामेन या भागात, त्यातही त्याच्या मागच्या बाजूला आढळली. पुढचा भाग तुलनेने बचावलेला होता.

मागचं प्युटामेन अंगवळणी पडलेल्या हालचाली सांभाळतं. चालताना हात हलणं, शर्टाची बटणं लावणं, सही करणं, बोलता बोलता पायऱ्या चढणं या गोष्टी आपण ‘करत’ नाही, त्या होतात. पुढचा भाग हेतुपूर्वक, लक्ष देऊन केलेल्या कामांशी जास्त बांधलेला आहे. २०१० साली नेदरलंड्समधल्या नायमेगनच्या रिक हेल्मिक आणि सहकाऱ्यांनी विश्रांतीतल्या फंक्शनल एमआरआयने दाखवलं की कंपवाताच्या रुग्णांत मागच्या प्युटामेनची पार्श्वकपाली, म्हणजे पॅरायटल, कॉर्टेक्सशी असलेली जोडणी क्षीण होते आणि त्याच कॉर्टेक्सची पुढच्या प्युटामेनशी असलेली जोडणी वाढते. रहदारी पडक्या वाटेवरून शाबूत वाटेकडे वळलेली दिसते. या विषयावरचे शेकडो लेख वाचून झाले तरी हा निष्कर्ष मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण तो १९८८ मधल्या त्या रासायनिक मोजमापाशी जुळतो आणि रुग्ण जे सांगतात त्याच्याशीही जुळतो.

रुग्ण काय सांगतात? ‘डॉक्टर, सगळं येतं, पण आता प्रत्येक गोष्ट ठरवून करावी लागते.’ २००५ मध्ये ताओ वू आणि मार्क हॅलेट यांनी याचीच परीक्षा घेतली. रुग्णांना बोटांच्या हालचालींचा क्रम शिकवला आणि तो सवयीचा होईपर्यंत सराव करून घेतला. रुग्णांना तो जमला, पण तेच काम करताना निरोगी माणसांच्या तुलनेत त्यांच्या मेंदूचे जास्त भाग जुंपलेले होते: लहान मेंदू, कॉर्टेक्सचे पुढचे आणि पार्श्वकपाली भाग. बाहेरून तेच काम, आत दुप्पट मेहनत. संध्याकाळपर्यंत वडील गळून जात असतील, तर ते यामुळेही असू शकतं. त्याला आळस म्हणू नका.

आता याचा घरातला उपयोग बघा. ज्या माणसाचं चालणं आपोआप होत नाही, लक्ष देऊन होतं, त्याच्याशी चालताना बोललं की लक्ष वाटलं जातं आणि पाऊल लहान होतं. म्हणून बाथरूमला निघालेल्या वडिलांना मागून हाक मारून ‘गोळी घेतली का?’ असं विचारू नका, त्यांना आधी पोचू द्या. चालता चालता फोन उचलायला लावू नका. चहाचा भरलेला कप हातात घेऊन स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येणं ही त्यांच्यासाठी एका वेळी दोन कामं आहेत. पडण्याचे प्रसंग मला वारंवार अशाच क्षणांत घडलेले सांगितले जातात: दारावरची बेल वाजली, नातवाने काही विचारलं, वळताना कुणीतरी हाक मारली.

उलट, लक्ष एका खुणेवर बांधलं की तोच माणूस चांगला चालतो. पुढच्या टप्प्यात पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, विशेषतः दाराच्या चौकटीत, उंबऱ्यापाशी, अरुंद जागेत. तिथे फरशीवर एकेका पावलाच्या अंतरावर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या आणि ‘पट्टी ओलांडा’ म्हटलं, तर पाय सुटतो. मनातल्या मनात एक-दोन, एक-दोन मोजणं, मेट्रोनोम या ताल देणाऱ्या यंत्राचा ठोका, आवडीच्या गाण्याचा ठेका, यांनीही पाय सुटतो. बाहेरून मिळालेली खूण बिघडलेल्या प्युटामेनचा आधार न घेता डोळे किंवा कान, लहान मेंदू आणि कॉर्टेक्सच्या वाटेने हालचाल सुरू करते, असं आज समजलं जातं. बारीक होणाऱ्या अक्षरालाही हेच लागू आहे. कोऱ्या कागदाऐवजी रेघी कागद द्या आणि ‘दोन्ही रेघांना टेकेल असं मोठं अक्षर काढा’ म्हणा. फरक तिथल्या तिथे दिसेल.

कंपाची गोष्ट निराळी आहे, आणि तुमच्या वडिलांना तोच त्रास जास्त असल्याने ती सांगायलाच हवी. कंप किती तीव्र आहे याचा डोपामिनच्या तुटीशी थेट मेळ बसत नाही, मंदपणाचा आणि ताठरपणाचा बसतो. हेल्मिक यांच्याच गटाने २०११ मध्ये रुग्ण स्कॅनरमध्ये असताना त्यांच्या हाताच्या स्नायूंची वीजही नोंदवली. कंप सुरू होतो किंवा थांबतो त्या क्षणांना बेसल गॅन्ग्लिया सक्रिय होते. पण कंप किती मोठा असेल ते लहान मेंदू, थॅलॅमस आणि हालचालींचा कॉर्टेक्स या दुसऱ्या वर्तुळाच्या कामाशी बांधलेलं असतं. दोन वर्तुळं गुंतलेली असल्यामुळे काही रुग्णांत गोळ्यांनी मंदपणा छान सुधारतो आणि हात मात्र कापतच राहतो. औषध लागू पडत नाही असा त्याचा अर्थ लावू नका. मनावर ताण आला किंवा डोक्यात आकडेमोड सुरू झाली की कंप वाढतो, हेही त्यांनी पुढे स्कॅनमध्ये पाहिलं. बँकेच्या खिडकीपाशी, लग्नाच्या पंगतीत, पाहुण्यांसमोर हात जास्त हलला म्हणजे आजार वाढला असं नाही. घरच्यांनी ‘हात धरून ठेवा ना’ म्हणणं बंद केलं तर तो कमी होण्याची शक्यता जास्त.

जोडण्यांचे बदल हालचालींपुरते थांबत नाहीत. नैराश्य, विचारांचा मंदपणा, पुढच्या टप्प्यातले भास यांच्याशी संबंधित जाळ्यांतही ते आढळले आहेत. त्यातलं बरंच काम अजून कच्चं आहे, त्यामुळे मी त्यात शिरत नाही. एकच सांगते. इच्छा आणि बक्षिसाच्या भावनेशी जोडलेला स्ट्रायटमचा (प्युटामेन ज्याचा एक हिस्सा आहे त्या पेशीसमूहाचा) खालचा भाग सुरुवातीला बराचसा शाबूत असतो. मागच्या प्युटामेनची तूट भरायला दिलेलं औषध तिथे जास्त होऊ शकतं. प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल या कंपवाताच्या गोळ्या घेणारा शांत माणूस अचानक ऑनलाइन रमी खेळू लागला, नको त्या वस्तू मागवू लागला, रात्रभर खाऊ लागला किंवा कामेच्छा अनावर झाली, तर त्याचा स्वभाव बिघडला असं समजून भांडू नका. लगेच डॉक्टरांना सांगा. लाजेपोटी ही गोष्ट महिनोन्‌महिने लपवली जाते आणि तोवर घर आर्थिक खड्ड्यात गेलेलं असतं. मात्र गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका, डोस डॉक्टरांनाच उतरवू द्या.

इतकं सगळं दिसतं, तर मग एका माणसाचा स्कॅन काढून निदान का करता येत नाही, हा पुढचा रास्त प्रश्न. वर सांगितलेले निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. वीस-तीस रुग्ण एका बाजूला, तितकीच निरोगी माणसं दुसऱ्या बाजूला, आणि सरासरीत फरक. दोन्ही गटांतली माणसं एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की एकट्याचा आकडा पाहून तो कोणत्या गटातला हे सांगता येत नाही. त्यात कंपवाताच्या स्वतःच्या अडचणी. २०१२ मध्ये वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीच्या जोनाथन पॉवर यांनी दाखवलं की स्कॅनमध्ये डोकं मिलिमीटरच्या काही अंशांनी हललं तरी खोट्या जोडण्या तयार होतात. जवळजवळच्या भागांच्या जोडण्या वाढल्यासारख्या दिसतात आणि दूरच्यांच्या घटल्यासारख्या. ज्या आजाराचं नावच कंपावरून पडलं आहे, त्यात याचा अर्थ काय होतो ते तुमच्या लक्षात येईल. शिवाय लेव्होडोपा घेतल्यावर जोडण्या बदलतात, म्हणून सकाळची गोळी घेऊन काढलेला स्कॅन आणि न घेता काढलेला स्कॅन वेगळा. आणि या रुग्णांना दिवसा डुलकी फार येते. मशीनमध्ये डोळा लागला तर झोपलेल्या मेंदूच्या जोडण्या मोजल्या जातात.

मोजमाप नीट झालं तरी विश्लेषणाचा प्रश्न उरतो. २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका मोठ्या प्रयोगात ७० गटांना फंक्शनल एमआरआयची एकच माहिती दिली आणि तेच प्रश्न विचारले. प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने गणित केलं आणि अनेक प्रश्नांची उत्तरं परस्परविरोधी आली. तो प्रयोग कंपवातावर नव्हता, पण धडा आम्हालाही तोच. एका केंद्राला लहान मेंदूची जोडणी वाढलेली दिसते आणि दुसऱ्याला घटलेली, हे कंपवाताच्या शोधनिबंधांत घडलेलं आहे. मला स्वतःला आणखी एक सवय खटकते: जोडणी वाढलेली दिसली की ‘मेंदू भरपाई करतो आहे’ असं लिहून मोकळं होणं. भरपाई म्हणायची तर ती जोडणी जास्त असलेल्या रुग्णाचं काम खरोखर बरं होतं का, हे दाखवायला हवं. नाहीतर तीच वाढ आजाराचा भागही असू शकते.

एका रुग्णापर्यंत पोचण्याच्या बाबतीत पेट स्कॅनची वाट जास्त पुढे गेली आहे. न्यूयॉर्कजवळच्या मॅनहॅसेटमधल्या डेव्हिड आयडलबर्ग यांनी एफडीजी पेट, म्हणजे कर्करोगासाठी आपल्याकडेही सर्रास होणारा साखरेचा स्कॅन, वापरून कंपवाताचा एक ठरावीक नमुना शोधला. त्यात बेसल गॅन्ग्लिया, थॅलॅमस, लहान मेंदू यांचा साखरेचा वापर वाढलेला आणि कॉर्टेक्सच्या काही पुढच्या आणि पार्श्वकपाली भागांचा घटलेला असतो. हा नमुना एका माणसात किती प्रमाणात उतरला आहे याचा आकडा काढता येतो आणि तो आजाराबरोबर वाढतो, उपचाराने उतरतो. पीएसपी आणि एमएसए यांचे नमुने वेगळे निघतात. या पद्धतीची पडताळणी दिल्लीतल्या रुग्णांवर झाली असून ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, म्हणून तिचा उल्लेख मुद्दाम करते. तरीही हे खास गणित कोपऱ्यावरच्या सेंटरमध्ये होत नाही.

डिफ्युजन एमआरआयवर फ्लोरिडाच्या डेव्हिड व्हायाँकूर यांच्या गटाने केलेलं कामही आश्वासक आहे. पेशींभोवतीचं मोकळं पाणी मोजून संगणकाने पार्किन्सन्स एका बाजूला आणि पीएसपी-एमएसए दुसऱ्या बाजूला अशी विभागणी करायची, ही त्यांची पद्धत. अमेरिका आणि कॅनडातल्या अनेक केंद्रांत घेतलेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती चांगली उतरली. पुढच्या काही वर्षांत एमआरआयमधून रुग्णापर्यंत काही पोचलंच, तर ते या बाजूने येईल असं मला वाटतं.

आज निदानाबद्दल खरोखर शंका असेल तर आपल्याकडे ट्रोडॅट स्कॅन किंवा एफ-डोपा पेट करता येतो. डोपामिनच्या पेशींची टोकं स्ट्रायटममध्ये किती उरली आहेत ते त्यात दिसतं. एसेन्शियल ट्रेमर नावाचा साधा कंप किंवा औषधांमुळे आलेला कंपवात असेल तर हा स्कॅन नॉर्मल येतो, खरा पार्किन्सन्स असेल तर बिघडलेला येतो. पार्किन्सन्स की पीएसपी की एमएसए हे मात्र तो सांगू शकत नाही. तुमच्या वडिलांची लक्षणं एका बाजूची आहेत, विश्रांतीतला कंप आहे, सही बारीक झाली आहे. गोळ्यांनी फरक पडत असेल तर ट्रोडॅटचीही गरज नाही.

औषधांमुळे येणाऱ्या कंपवाताबद्दल दोन वाक्यं जास्त लिहिते, कारण स्कॅनवर हजारो रुपये घालण्याआधी घरातला गोळ्यांचा डबा तपासणं फुकट आहे. ॲसिडिटी आणि गॅससाठी दिल्या जाणाऱ्या कित्येक कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड असतं. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड, चक्करेसाठी सिनारिझिन, मायग्रेनसाठी फ्लुनारिझिन, मानसिक आजारांसाठी हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडोन. ही औषधं डोपामिनचं काम अडवतात. हुबेहूब कंपवात निर्माण करू शकतात, असलेला वाढवतातही. वडील पोटासाठी वर्षानुवर्षं एखादी कॅप्सूल घेत असतील तर तिच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा आणि पाकीट डॉक्टरांना दाखवा. मानसिक आजाराची औषधं मात्र विचारल्याशिवाय थांबवायची नाहीत.

जोडण्यांचं ज्ञान दवाखान्यात प्रत्यक्ष कामाला येऊ लागलं आहे ते डीप ब्रेन स्टिम्युलेशनमध्ये, म्हणजे मेंदूत बारीक तार बसवून वीज देण्याच्या उपचारात. १९९० मध्ये बर्गमन, विखमन आणि डीलाँग यांनी माकडांत सबथॅलॅमिक न्यूक्लियस हा छोटा पेशीसमूह निकामी केला की कंपवात ओसरतो असं दाखवलं. फ्रान्समधल्या ग्रनोबलला अलीम-लुई बेनाबिद यांनी १९८७ पासून थॅलॅमसमध्ये वापरलेलं विजेचं तंत्र १९९३ मध्ये या केंद्रावर नेलं. तिथे बसवलेल्या तारेतून उलट माहितीही मिळाली: गोळी उतरलेली असताना तिथे सेकंदाला १३ ते ३० वेळा अशा बीटा लहरी माजतात आणि लेव्होडोपाने त्या शमतात. २०१७ मध्ये बर्लिनच्या अँड्रियास हॉर्न आणि सहकाऱ्यांनी तारेची जागा कॉर्टेक्सच्या कोणत्या भागांशी जोडलेली आहे यावरून रुग्णाला किती फायदा होईल याचा अंदाज बांधता येतो असं दाखवलं. आणि बीटा लहरी ओळखून स्वतःच कमीजास्त होणाऱ्या यंत्राला २०२५ मध्ये एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने मान्यता दिली. तुमच्या वडिलांना या सगळ्याची आज गरज नाही. गोळ्यांचा असर मधेच उतरू लागला, शरीर वेडंवाकडं हलू लागलं, तेव्हा हा विषय काढायचा.

आज गरज आहे व्यायामाची, आणि तो मी गोळीइतक्याच गंभीरपणे लिहून देते. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या डच चाचणीत सौम्य आजार असलेल्या १३० रुग्णांचे दोन गट केले. एकाने घरीच स्थिर सायकल चालवली, आठवड्यातून तीनदा, दर वेळी अर्धा ते पाऊण तास, सहा महिने. दुसऱ्याने फक्त अंग ताणण्याचे व्यायाम केले. गोळी उतरलेल्या अवस्थेत तपासलं तेव्हा सायकलवाल्यांची लक्षणं, हालचालींच्या तपासणीला गुण देऊन मोजली असता, दुसऱ्या गटापेक्षा सुमारे चार गुणांनी कमी वाढली होती. त्यांच्यातल्या काहींचे आधी आणि नंतर स्कॅन झाले आणि ते निष्कर्ष २०२२ मध्ये आले: सायकल चालवणाऱ्यांत पुढच्या प्युटामेनची हालचालींच्या कॉर्टेक्सशी जोडणी मागच्या प्युटामेनच्या तुलनेत वाढली होती. तीच शाबूत वाट. अभ्यास छोटा आहे, त्याची पुनरावृत्ती व्हायला हवी. पण इथे जोडणी वाढली आणि माणूसही बरा राहिला, म्हणून मी त्याला वजन देते. वडिलांना हृदयाचा त्रास नसल्याची खात्री करून घ्या आणि दम लागेल, पण वाक्य पुरं बोलता येईल इतपत जोराने त्यांना सायकलवर बसवा. सायकल नको असेल तर भरभर चालणं चालेल, पण सपाट जागी आणि सोबत कुणी असताना.

एखाद्या मोठ्या संस्थेने संशोधनासाठी फंक्शनल एमआरआयला बोलावलं तर जरूर जा. आपल्याकडच्या रुग्णांची माहिती या विषयात फार थोडी आहे. तिथे नैतिक समितीची मान्यता असते, मराठीत समजावून संमती घेतली जाते आणि स्कॅनचे पैसे मागत नाहीत. त्यातून तुमच्या वडिलांच्या उपचारात बदल होणार नाही, हे त्यांनी आधीच सांगायला हवं. ‘जोडण्यांचा स्कॅन करून आजाराचा टप्पा सांगतो’ असं म्हणून कुणी पैसे मागत असेल तर तिथून उठा.

पुढच्या भेटीला जाताना फोनवर वडिलांच्या तीन छोट्या चित्रफिती घेऊन जा: सकाळच्या गोळीआधी चालतानाची, गोळी घेतल्यावर तासाभराने चालतानाची, आणि दारातून वळून परत येतानाची. सोबत कोरा कागद घेऊन दोन्ही वेळी एकच वाक्य चार ओळी लिहायला सांगा आणि त्यावर वेळ टाका. गोळी किती वाजता घेतली, असर किती वाजता जाणवला, किती वाजता उतरला, हे आठवडाभर वहीत लिहून ठेवा. तुमच्या डॉक्टरांना डोस ठरवायला त्याचा उपयोग कुठल्याही जोडण्यांच्या चित्रापेक्षा जास्त होईल.